एका नायकाचा ठेवणीतला किस्सा

वय ८०, पुरुष, विधुर, राहणार दादर पश्चिम. बाथरूममध्ये पाय घसरून उजव्या खुब्याचं हाड मोडलेलं. ब्यूरोकडून आलेला एक मुलगा दिवसपाळीला, रात्री घरात कोणी नाही. पडल्यावर सकाळपर्यंत फरशीवरच होते. आमच्या विभागाकडे असे रुग्ण नेहमीच येतात. वैद्यकीय समाजसेविकेचं निम्मं काम ‘घरी कोण आहे?’ या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात जातं. या रुग्णाच्या बाबतीत फरक एवढाच, की तो कोण आहे हे लिफ्टमनपासून भूलतज्ज्ञांच्या आईपर्यंत सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याचं कोण आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणेन. ओळख पटू नये म्हणून सालं, आजार आणि घरचे तपशील बदलले आहेत. जाणकारांनी नाव ओळखायचा खेळ खेळू नये. उत्तर चुकीचंच निघेल.

सत्तरच्या दशकात अण्णा मराठी सिनेमाचे नायक होते. शूटिंग कोल्हापुरात, प्रीमियर प्लाझाला, आणि गिरणगावातली खरी पसंती कळायची ती लालबागच्या भारतमाताला. पुढे विनोदी सिनेमांची लाट आली, नायकाचे दिवस संपले, मग वकील, इन्स्पेक्टर, शेवटी मुलीचा बाप. मराठी सिनेमाच्या पैशात घर चालत नसे म्हणून मधल्या काळात नाटकं. १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठी सुरू झालं तेव्हा जुने सिनेमे दुपारच्या वेळी घराघरांत पुन्हा लागले आणि नव्या पिढीच्या आयांनी त्यांना पुन्हा ओळखलं. त्या प्रक्षेपणाचा एक पैसा अण्णांना मिळाला नाही. करार ठोक रकमेचे, हक्क निर्मात्याचे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने कलावंताच्या रॉयल्टीचं तत्त्व कायद्यात आणलं, पण अण्णांच्या खात्यात त्याने काही फरक पडला नाही. राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना महिन्याला ५,००० रुपये मानधन देतं, त्याची चौकशी करू का म्हणून विचारलं तर म्हणाले, “मी अर्ज करायचा?” एवढंच. पैशांची तशी ओढाताण नव्हती. मुदतठेवी होत्या, गाळ्याचं भाडं येत होतं. हे आधीच सांगते, कारण या प्रकरणात पैसा हे कारण नव्हतं.

दाखल करताना नातेवाइकाचा रकाना रिकामा राहिला होता. नर्सने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा कळ सोसत, पण अगदी स्वच्छ आवाजात अण्णा म्हणाले, “लिहा, अख्खा महाराष्ट्र.” वॉर्डातले चारजण हसले, एकाने टाळीही दिली. संमतीपत्रावर अण्णांनी स्वतः सही केली. खुब्याचं ऑपरेशन लांबवून चालत नाही, शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावं लागतं, आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर नातेवाइकावाचून कायद्याने काही अडत नाही. अडतं ते नंतर.

दुसऱ्या रात्री भ्रम सुरू झाला. वृद्धांना मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हे बऱ्याचदा होतं. दिवसा माणूस बरा असतो, रात्री जागा आणि वेळ हरवते. अण्णा सलाइनची नळी ओढत विचारत होते, “तिसरी घंटा झाली का?” अशा वेळी चष्मा द्यावा, कानातलं यंत्र घालावं, समोर घड्याळ ठेवावं आणि शक्य असेल तर ओळखीचं माणूस बोलवावं. ओळखीचं माणूस कुठून आणायचं? शेजारच्या काकूंनी एक नंबर दिला. “लेकीचा आहे. येईल असं वाटत नाही.”

लेक आली. डोंबिवलीहून, रात्री साडेअकराला. अण्णांनी तिला लगेच ओळखलं आणि नर्सला ऐटीत ओळख करून दिली, “ही माझी मुलगी. बँकेत मोठी अधिकारी आहे.” बँक सोडून तिला सात-आठ वर्षं झाली होती. तिने दुरुस्ती केली नाही. स्टूल ओढून बसली, उजाडेपर्यंत थांबली आणि सातच्या सुमाराला मला म्हणाली, “ताई, मी रोज येणार नाही. आणि का येत नाही ते इथे कुणाला सांगणारही नाही.”

*

तोवर वॉर्डात तीन कथा तयार झाल्या होत्या. मराठी माणसाजवळ नटाच्या म्हातारपणाचे साचे तयारच असतात. पहिला पैशाचा. भगवानदादांचं नाव लगेच निघतं. १९५१ च्या ‘अलबेला’ने डोक्यावर घेतलेला माणूस, नंतर जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या, अखेरची वर्षं दादरच्या चाळीत. दुसरा साचा बाईचा. अण्णांचं ‘कोल्हापूरला काहीतरी होतं’ हे आमच्या आया-मावशींनाही ठाऊक होतं. तिसरा कृतघ्न मुलांचा, आणि तो सगळ्यांत स्वस्त. २०२३ च्या जुलैत एका गाजलेल्या नायकाचा मृतदेह तळेगाव दाभाडेतल्या बंद घरात सापडला, तेव्हा घरच्यांचं म्हणणं ऐकून घ्यायच्या आधीच समाजमाध्यमांवर निकाल लागून गेला होता. शोभना समर्थ आणि नूतन या अभिनेत्री मायलेकी पैशांच्या व्यवहारावरून कोर्टापर्यंत गेल्या, वर्षानुवर्षं दुरावल्या आणि पुढे एकत्रही आल्या. त्यांच्यातलं काय मिटलं आणि काय तसंच राहिलं, हे बाहेरच्याने सांगू नये.

सोसायटीच्या चेअरमननी तर मला बाजूला घेऊन सांगितलं, “मुलीवर केस टाका ना. कायदा आहे.” कायदा आहेच. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७. मुलगा आणि मुलगी, लग्न झालेली असो वा नसो, दोघांवर सारखी जबाबदारी. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरण. महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये निर्वाह. पण हा मार्ग स्वतःच्या मिळकतीवर ज्याचं भागत नाही अशा माणसासाठी आहे. अण्णांचं भागत होतं. आणि या कायद्याने चेक मिळवता येतो, रविवारी भेटायला येणारी मुलगी मिळवता येत नाही. चेअरमनना ते पटलं नाही. ते अण्णांचे चाहते होते, आणि चाहत्यांना न्याय लवकर हवा असतो.

*

आता मूळ गोष्ट.

अण्णांचा एक किस्सा महाराष्ट्राला पाठ आहे. १९८४ चा शनिवार, शिवाजी मंदिरला दोन प्रयोग. बायको परळच्या रुग्णालयात अत्यवस्थ. अण्णांनी प्रयोग रद्द केला नाही. रात्रीचा प्रयोग संपला, पडदा पडला, तेव्हा मॅनेजरने कानात सांगितलं की बाई गेल्या. अण्णा पुन्हा पडदा उघडायला लावून रंगमंचावर आले, मायबाप रसिकांना नमस्कार केला आणि म्हणाले, आता मला घरी जाऊ द्या. प्रेक्षागृह उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलं. त्यानंतर हा किस्सा प्रत्येक सत्कारात, गणेशोत्सवातल्या प्रत्येक मुलाखतीत, दिवाळी अंकात. सिनेमाचे निर्माते त्यांना ‘व्रतस्थ’ म्हणू लागले, आणि नायकपद गेल्यावरही अण्णांचं नाव टिकलं ते निम्मं या रात्रीवर. आपल्याकडे ‘प्रयोग रद्द केला नाही’ याला जे पुण्य चिकटलेलं आहे, त्याचा हिशेब कधीतरी नटांच्या घरच्यांना विचारून मांडायला हवा, असं माझं मत झालं आहे.

लेक त्या वेळी पंधरा वर्षांची. ती रुग्णालयातच होती, आत्याबरोबर. वडील त्या रात्री आले नाहीत म्हणून तिने संबंध तोडले, असं मला आधी वाटलं. तिनेच ते खोडून काढलं. “तसं असतं तर तेव्हाच तुटलं असतं. मी नंतर पंचवीस वर्षं त्यांच्याकडे जात होते. दिवाळीला, वाढदिवसाला. कोल्हापूरचंही मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं.”

मग?

“२००९ मध्ये टीव्हीवर त्यांचा मोठा सत्कार झाला. मी सासूबाईंबरोबर बघत होते. किस्सा आला. या वेळी नवीन वाक्य होतं. आईने म्हणे त्यांचा हात धरला आणि म्हणाली, ‘जा, प्रेक्षक थांबलेत.’ सासूबाई रडल्या.” ती थांबली आणि हिशेब सांगावा तशी म्हणाली, “आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. आदल्या रात्रीपासून ती बोललीच नव्हती.”

तिने दुसऱ्या दिवशी फोन करून एवढंच सांगितलं, की ते वाक्य काढा. अण्णा म्हणाले, “अगं, ती म्हणालीच असती.” पुढच्या कार्यक्रमात वाक्य होतं. त्यानंतर ती गेली नाही.

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा इथे आहे. प्रसिद्धीने बाप घरातून नेला, ही तक्रार जुनी आहे आणि मुलं ती बऱ्यापैकी पचवतात. इथे बापाने मेलेल्या बायकोच्या तोंडी संवाद घातला होता, आणि त्या संवादाला टाळ्या पडत होत्या. लेकीच्या आठवणीवर रोज नवीन लोक वरून लिहीत होते.

*

वृद्धांबरोबर काम करताना आम्हाला शिकवलेलं असतं, की त्यांना आठवणी सांगू द्या. १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने मांडलं, की म्हातारपणी मागे वळून आयुष्याचा जमाखर्च पाहणं हे भ्रमिष्टपण नसून मनाची गरज आहे. त्या विचारावर पुढे बरंच काम उभं राहिलं, आणि ते उपयोगी आहे. सर्वसाधारण आजोबांना कोणी ऐकणारं नसतं, म्हणून ऐकलं की गाठी सुटतात.

अण्णांना चाळीस वर्षं लोक ऐकतच होते. पहिल्या बैठकीत मी ‘त्या दिवसाबद्दल सांगा’ म्हटलं आणि मला किस्सा मिळाला, जसाच्या तसा. ‘हात धरला’वर पॉज, ‘घरी जाऊ द्या’वर आवाज खाली. डोळ्यांत पाणी खरं होतं. नेमकी तीच अडचण होती. पश्चात्ताप त्यांना नव्हता असं नाही, पण तो बाहेर यायला निघाला की वाटेत नट भेटायचा आणि त्याचा हात धरून त्याला रंगमंचावर न्यायचा. अभिनेत्री हंसा वाडकरांनी १९७० साली आपलं आयुष्य छापून मांडलं तेव्हा स्वतःला सोडलं नव्हतं. अण्णांच्या सांगण्यात मात्र दुःख असूनही नायक अण्णाच राहत.

म्हणून मी ज्यांची उत्तरं कधी तालमीत बसलेली नव्हती असे रटाळ प्रश्न विचारायला लागले. त्या दिवशी कोणती टॅक्सी केलीत? दुपारचा प्रयोग किती वाजता सुटला? दोन प्रयोगांच्या मध्ये कुठे बसलात? काय खाल्लंत?

“बटाटेवडा,” अण्णा म्हणाले. शिवाजी मंदिरचा वडा कोण विसरणार. “दोन खाल्ले. मेकअप उतरवला नव्हता, म्हणून रुमाल लावून.” मग ते गप्प झाले. ही त्यांची नेहमीची थांबण्याची जागा नव्हती. खिडकीकडे न बघता, चादरीवरचा औषधाचा डाग नखाने खरवडत म्हणाले, “तेव्हाच चिठ्ठी आली.”

चिठ्ठी किश्श्यात कुठेच नव्हती.

दुपारचा प्रयोग सुटल्यावर शेजारचा एक मुलगा चिठ्ठी घेऊन आला होता. ‘डॉक्टर लगेच बोलावताहेत.’ दादरहून परळ टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. मधे दोन तास होते. जाऊन येता आलं असतं, प्रयोगही झाला असता. “मी गेलो असतो तर मला परत येता आलं नसतं, ताई. मला माहीत होतं. म्हणून नाही गेलो. चिठ्ठी कोटाच्या खिशात ठेवली. पात्राच्या कोटाच्या.” आवाज सपाट होता. मॅनेजरने पडदा पडल्यावर कानात सांगितलं ते खरं, पण बातमी त्यांना अनपेक्षित नव्हती.

मग अण्णांना ताबडतोब लेकीसमोर हे सगळं सांगायचं होतं. पाय धरायचे होते. घर तिच्या नावावर करायचं होतं. मी पाय धरण्याला विरोध केला. बसता येत नसताना वाकायचं कसं हा प्रश्न होताच, शिवाय त्या प्रसंगातही मुख्य भूमिका त्यांचीच होती. मी सुचवलं की कागदपत्रांसाठी ती येईल तेव्हा सात-आठ वाक्यांत सांगा, आणि नंतर तिला बोलू द्या.

ती विम्याचे कागद घेऊन आली तेव्हा अण्णांनी सांगितलं. मधे दोनदा आवाज चढायला लागला, दोनदा स्वतःच खाली आणला. तिने ऐकून घेतलं, कागद फाइलमध्ये लावले आणि म्हणाली, “बाबा, चिठ्ठी मीच लिहिली होती.”

खोलीत मी होते म्हणून सांगते, त्यानंतर कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. तिने मिठाचं पथ्य आहे का ते विचारलं आणि लोकल चुकेल म्हणून निघाली. जाताना दारात मला म्हणाली, “चाळीस वर्षं मी ऐकत होते, की त्यांना पडदा पडल्यावर कळलं. मला वाटायचं, चिठ्ठी पोहोचली नसेल. मग वाटायचं, पोहोचली असेल. दोन्ही वाटणं वाईट होतं.”

*

घराचं बक्षीसपत्र तिने नाकारलं, आणि कारणं बँकेत काम केलेल्या बाईची होती. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीस द्यायला मूळ मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे, अधिभार वेगळे. त्यामुळे भावनेच्या भरात बक्षीसपत्रं होतात फार. पण २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर परत मागता येते. “म्हणजे घर घेतलं की मी घरासाठी आले असं लोक म्हणणार, आणि बिनसलं की न्यायाधिकरणात उभी राहणार. नको.” तिचं बरोबर होतं. जिवंतपणी घर देऊन टाकणाऱ्या आई-वडिलांचे हाल आम्ही वॉर्डात पाहतो. अण्णांना मी इच्छापत्र करायला सांगितलं, त्यात कुणाला काय ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

वैद्यकीय निर्णयांचा प्रश्न त्याहून निकडीचा होता. पुढच्या वेळी शुद्ध नसेल तर बोलायचं कोणी? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, आणि निर्णयासाठी एकाहून जास्त नावं देता येतात. अण्णांनी लेकीचं नाव पहिलं घातलं. तिने बदलायला लावलं. पहिला पुतण्या, मग ती. “पहिलं नाव असलं की रात्री फोन मला येणार. तेवढं अजून नाही.”

तिने स्वतःहून मागितलं ते एकच. किस्सा बंद. नुसतं आईचं वाक्य नव्हे, सगळाच. यावर अण्णा जेवढे चिडले तेवढे हाड मोडल्यावरही चिडले नव्हते. “मग माझ्याकडे राहिलं काय? सिनेमे आता कोण बघतं?” दोन-तीन बैठका यातच गेल्या. कुटुंबांतल्या दुराव्यावर काम केलेले अमेरिकी समाजशास्त्रज्ञ कार्ल पिलेमर सांगतात, की ज्यांचा समेट झाला त्यांनी बहुतेक वेळा भूतकाळाची आपली बाजू समोरच्याने मान्य करावी हा हट्ट सोडला होता. एरवी मीही तेच सांगते. इथे ते लेकीला सांगणं अन्यायाचं झालं असतं. तिला आपली बाजू मान्य करून घ्यायची नव्हतीच. दुसरी बाजू माइकवरून सांगणं तेवढं थांबायला हवं होतं. म्हणून हट्ट सोडायचा होता तो अण्णांनी.

वॉकरवर चालायला लागल्यावर महिन्याभरात एका यूट्यूब वाहिनीवाल्यांनी मुलाखत घेतली. घरीच, खुर्चीत बसवून. मुलाखत घेणारी पोरगी अदबीने म्हणाली, “अण्णा, ती १९८४ ची रात्र...” अण्णांनी पाणी मागितलं आणि म्हणाले, “ते राहू दे. भारतमाताला एकदा माझ्याच सिनेमाचं तिकीट मला ब्लॅकने घ्यावं लागलं, ते सांगतो.” चांगलं सांगितलं, पोरं हसली.

मुलाखत प्रसिद्ध झाली तेव्हा त्यात १९८४ ची रात्र होती. २००९ च्या सत्कारातला तुकडा मधे जोडला होता, खाली व्हायोलिन. त्या तुकड्यालाच सर्वाधिक प्रेक्षक मिळाले. अण्णांनी फोन करून काढायला सांगितलं, पोरगी म्हणाली वरिष्ठांना विचारते. अजून आहे. किस्सा आता अण्णांच्या हातात राहिलेला नाही, तो लोकांचा झाला आहे, आणि हे अण्णांना पहिल्यांदाच बोचलं. लेकीने मला फोनवर सांगितलं, “मी पूर्ण बघितली. त्यांनी नाही सांगितला.” नंतर तिने तिकिटाच्या गोष्टीतली एक चूक सांगितली. सिनेमागृह भारतमाता नव्हतं, प्लाझा होतं. ती बरोबर होती.

सध्याची स्थिती. रात्रपाळीला दुसरा माणूस ठेवला आहे, बाथरूममध्ये दांड्या बसल्या, गालिचे गेले. लेक महिन्यातून दोनदा रविवारी येते, औषधांची बिलं आणि पासबुक बघते, चार वाजता निघते. जेवत नाही, चहा घेते. माफ केलं का, हे मी तिला विचारलेलं नाही, आणि अण्णांनाही विचारू नका असं बजावलं आहे. मागच्या खेपेला फिजिओथेरपिस्टची फी वाढवून द्यायची की नाही यावरून दोघांचं चांगलं खडाजंगी भांडण झालं, ती रागाने निघून गेली आणि पुढच्या रविवारी ठरल्या वेळी आली. मी फाइलमध्ये ते ‘प्रगती’ या रकान्यात लिहिलं. वरिष्ठांनी समोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून फाइल परत पाठवली आहे.